बाबांना घेऊन रस्ता संपेपर्यंत: व्हाइटहॉर्स ते टुक्टोयाक्टुक

परत येऊन तीन आठवडे झाले पण माझ्या बुटांच्या खाचांमधला करडा चिखल अजून निघालेला नाही, सिमेंटसारखा बसलाय. कॅनडाच्या उत्तरेला, युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सपासून आर्क्टिक महासागराकाठच्या टुक्टोयाक्टुकपर्यंत, आम्ही चौघं गेलो होतो, मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि कराडहून उन्हाळ्यासाठी आमच्याकडे कॅलगरीला आलेले माझे बाबा. बाबा पंचाहत्तरीत आहेत, पाटबंधारे खात्यात आयुष्यभर ओव्हरसियर होते, त्यामुळे त्यांना बर्फाचे डोंगर आणि धबधबे दाखवून फार उपयोग नसतो, त्यांना रस्ता कसा बांधलाय, पाणी कुठून आणलंय, भराव कशाचा टाकलाय ते बघायचं असतं. नवरा इथे पाइपलाइन डिझाइनच्या कामात आहे आणि उत्तरेतल्या कधीच न झालेल्या पाइपलाइनचे जुने नकाशे त्याने ऑफिसात बघितलेत. म्हणजे दोघांनाही तिकडे जायचंच होतं, मी आणि लेक त्यांच्याबरोबर गेलो आणि शेवटी सगळ्यात जास्त मीच लिहून आणलं.

दिवस १: व्हाइटहॉर्स

व्हँकूव्हरमार्गे विमानाने दुपारी पोचलो, भाड्याची पिकअप घेतली. एक गोष्ट आधीच सांगते, गाडी बुक करताना कच्च्या रस्त्यावर न्यायला परवानगी आहे का ते लेखी घ्या, पुढे लागणाऱ्या खडीच्या डेम्पस्टर हायवेवर बऱ्याच गाड्यांना इन्शुरन्स लागू होत नाही. आणि एक नाही, दोन स्टेपनी मागा, पूर्ण साइझच्या.

व्हाइटहॉर्स छोटं, नीटनेटकं गाव आहे. नदीकाठी 'क्लोंडाइक' नावाची, मागे मोठं चाक असलेली वाफेवरची जुनी बोट ठेवलीय, ती बघितली. मग बाबांना अलास्का हायवेची गोष्ट सांगितली. १९४२ साली जपानच्या भीतीने अमेरिकन सैन्याने जवळपास अडीच हजार किलोमीटरचा रस्ता आठ महिन्यात काढला, दहा हजारांवर सैनिक कामाला होते आणि त्यातले साधारण एक तृतीयांश काळे सैनिक होते, ज्यांची नावं पुढे कितीतरी वर्षं कुणी घेतली नाहीत. त्याच वेळी कॅनॉल नावाचा दुसरा प्रकल्प काढला, मॅकेन्झी नदीवरच्या नॉर्मन वेल्समधून तेल आणायचं, डोंगर ओलांडून पाइपने इथे व्हाइटहॉर्सला आणायचं आणि इथल्या रिफायनरीत शुद्ध करायचं. १३ कोटी डॉलरच्या वर खर्च झाला, १९४४ मध्ये तेल वाहिलं आणि वर्षभरात, १९४५ मध्ये, सगळं बंद. पाइप, पंप, ट्रक कितीतरी ठिकाणी तसेच टाकून माणसं निघून गेली.

बाबांनी एवढंच विचारलं, "म्हणजे ज्यांच्या जमिनीवरनं पाइप नेला त्यांना कुणी काही विचारलंच नसेल ना?" नाही विचारलं. हा प्रश्न त्यांनी पुढच्या आठ दिवसात निदान दहा ठिकाणी विचारला आणि तो कुठून येतो ते मला माहिती आहे. बाबांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं तेव्हा ते लेकीच्याच वयाचे होते.

दिवस २: व्हाइटहॉर्स ते डॉसन

साधारण सव्वापाचशे किलोमीटर, डांबरी पण मधे मधे खडी. कारमॅक्सपाशी फॅरोकडे जाणारा फाटा लागतो, आम्ही वळलो नाही पण नवऱ्याने तिथल्या खाणीबद्दल सांगितलं. जस्त आणि शिशाची ती खाण १९६९ साली सुरू झाली, एकेकाळी जगातल्या असल्या सगळ्यात मोठ्या उघड्या खाणींमधली एक, पूर्ण गाव तिच्यासाठी वसवलं. १९९८ ला कायमची बंद पडली आणि मागे उरला सात कोटी टन गाळ आणि बत्तीस कोटी टन दगडाचा कचरा, त्यातून आम्लाचं पाणी झिरपतं आणि ते आवरायचा खर्च आता सरकारी तिजोरीतून होतोय. शाळेत आम्हाला खनिज संपत्ती नावाचा धडा होता, त्यात खाण बंद झाल्यावर काय होतं ते एका ओळीतही नव्हतं.

फाइव्ह फिंगर रॅपिड्सपाशी थांबून मेथीचे ठेपले आणि लोणचं खाल्लं. बाबा माळकरी, त्यामुळे आठवड्याचा शिधा मी घरूनच बांधला होता, ठेपले, दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजणी आणि छोटा गॅस स्टोव्ह. शाकाहारी मंडळींनी हे करावंच, डॉसनच्या पुढे फ्रेंच फ्राइज आणि चीज सँडविच यापलीकडे फारसं काही मिळत नाही.

दिवस ३: डॉसन

डॉसनचे रस्ते अजून मातीचे आणि फूटपाथ लाकडी फळ्यांचे. तिथे दोन जुनी दुकानं एकमेकांवर रेलून उभी आहेत, खालची गोठलेली जमीन घरांच्या उबेने वितळली आणि इमारती कलंडल्या. बाबा त्या दोन इमारतींपुढे पंधरा मिनिटं उभे होते, पाया बघत.

सोन्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, ऑगस्ट १८९६ मध्ये बोनान्झा ओढ्यात सोनं सापडलं, दोनच वर्षात डॉसन तीस हजारांचं झालं. पण मला जास्त लक्षात राहिलं ते गावातल्या ट्रॉन्डेक ह्वेचिन, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या, सांस्कृतिक केंद्रात ऐकलेलं. क्लोंडाइक नदीच्या तोंडाशी त्यांचा सामन मासे धरायचा पिढ्यान्‌पिढ्यांचा तळ होता, गर्दी आली तशी चीफ आयझॅक यांनी आपल्या माणसांना नदीने थोडं खाली मूसहाइडला नेलं. आणि आपली गाणी, आपले नाच इथे टिकणार नाहीत हे ओळखून ते अलास्कातल्या नातेवाइकांकडे सांभाळायला दिले. कितीतरी दशकांनी त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी तिकडे जाऊन ते परत शिकून आणले. हे सांगणारी मुलगी विशीतली असेल, शेवटी तिने त्यातलं एक गाणं हातात छोटा डफ घेऊन म्हटलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते, नंतर मला म्हणाले, "आपल्या गावची जत्रा कुणाकडं ठेवायला दिली असती गं?" मला काही बोलता आलं नाही.

दुपारी ड्रेज नंबर ४ बघायला गेलो. १९१२ मध्ये बांधलेलं हे लाकडी धूड, आठ मजली, स्वतःच्याच डबक्यात तरंगत पुढे सरकायचं, पुढून लोखंडी बादल्यांच्या साखळीने नदीचं पात्र उकरायचं, आत धुऊन सोनं काढायचं आणि मागून गोटे टाकत जायचं. १९५९ पर्यंत चाललं. खोऱ्यात ते गोट्यांचे ढीग मैलोगणती पडलेत, अळीने वळवळत जावं तसे, आणि साठ-पासष्ट वर्षांनंतरही त्यावर धड झाड उगवलेलं नाही.

टीप: डॉसनमध्ये डेम्पस्टरच्या रस्त्याची आणि फेरीची ताजी माहिती देणारं केंद्र आहे, निघायच्या आदल्या दिवशी तिथे जाऊन याच. वारा किंवा पुरामुळे फेरी बंद पडते तेव्हा दोन-दोन दिवस अडकायला होतं.

दिवस ४: डेम्पस्टर, आणि पंक्चर

डॉसनच्या अलीकडे चाळीस किलोमीटरवर डेम्पस्टर हायवे सुरू होतो. इथून इनुविकपर्यंत ७३६ किलोमीटर, जवळजवळ सगळी खडी, आणि पहिला पेट्रोल पंप ईगल प्लेन्सला, ३६९ किलोमीटरवर. मोबाइलची रेंज विसरा. आम्ही सॅटेलाइटवरून मेसेज करायचं छोटं यंत्र भाड्याने घेतलं होतं, दोन जेरीकॅन पेट्रोल मागे बांधलं होतं.

१९५८ च्या निवडणुकीत पंतप्रधान जॉन डीफेनबेकर यांनी 'उत्तरेचं स्वप्न' मांडलं, खनिजांपर्यंत रस्ते न्यायचे अशी योजना, विरोधक म्हणाले हे तर एका इग्लूपासून दुसऱ्या इग्लूपर्यंत रस्ते. ईगल प्लेनमध्ये तेल लागलं आणि १९५९ ला रस्त्याचं काम सुरू झालं. १९६१ मध्ये शंभर-सव्वाशे किलोमीटरवर थांबलं, पैसे संपले, उत्साहही संपला. मग १९६८ मध्ये अलास्काच्या प्रुडो बेमध्ये प्रचंड तेल सापडलं आणि रस्ता परत आठवला. उघडला शेवटी १९७९ च्या ऑगस्टमध्ये, सुरुवातीपासून वीस वर्षांनी.

टॉम्बस्टोनच्या डोंगरांपाशी ढग खाली उतरले होते, खाली टुंड्रा, म्हणजे झाडं नसलेलं खुरट्या झुडपांचं माळरान, नुकता लाल व्हायला लागलेला. त्याच्या पुढे बाबांनी गाडी थांबवायला लावली आणि उतरून रस्त्याच्या कडेला गेले. रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच, बंधाऱ्यासारखा. "खोदलेलं काहीच नाही, नुसता भराव?" बरोबर ओळखलं त्यांनी. खालची माती कायमची गोठलेली, ती उघडी पडली की वितळून रस्ता खचणार, म्हणून कुठे सव्वा मीटर, कुठे अडीच मीटरपर्यंत खडी-मुरूम टाकून जमिनीवर जणू गोधडी घातलीय, थंडी आत राहावी म्हणून. बाबा म्हणाले आम्ही आयुष्यभर मऊ माती काढून टाकून मग भराव घातला, इथे मातीला हातच लावायचा नाही. मग त्यांनी खिशातली डायरी काढून भरावाचं छोटं चित्र काढलं, उतार, जाडी, सगळं.

हा मार्ग कुठून न्यायचा ते दाखवायला जो हेन्री नावाचे ट्रॉन्डेक ह्वेचिन गृहस्थ सोबत होते, या वाटा त्यांच्या लोकांच्या शिकारीच्या जुन्या वाटाच होत्या. रस्त्याला नाव मात्र पोलीस अधिकारी डेम्पस्टर यांचं, त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

दुपारी तीनच्या सुमाराला, ओगिल्वी नदी सोडून घाट चढल्यावर, मागचं डावं चाक बसलं. इथला दगड पाटीचा, फुटला की सुरीसारखी धार. नवरा जॅक लावत होता, बाबा एकेक नट हातात धरून उभे, आणि वर अस्वलाच्या भीतीने मी आणि लेक मोठमोठ्याने गाणी म्हणत होतो. समोरून लांबलचक टँकर आला आणि थांबला, इथे थांबल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. ड्रायव्हरकाका साठीचे असतील, त्यांनी आमचा जॅक बाजूला सारला, स्वतःचा लावला, दहा मिनिटात चाक बदललं आणि दुसऱ्या चाकातली हवा कमी करून दिली, खडीवर थोडी कमीच ठेवा म्हणाले. चहा करून दिला तर दोन कप प्यायले, आल्याचा चहा त्यांनी पहिल्यांदाच प्यायला होता.

टँकर रिकामा होता, इनुविकला गॅस पोचवून परत निघाले होते. द्रवरूप नैसर्गिक वायू, ब्रिटिश कोलंबियाहून हजारो किलोमीटर, याच रस्त्याने. नवरा ऐकतच राहिला, कारण ज्या मॅकेन्झी त्रिभुज प्रदेशात हा गॅस पोचवतात तिथेच जमिनीखाली इतका गॅस आहे की तो दक्षिणेला न्यायला पाइपलाइनच्या दोन अवाढव्य योजना झाल्या, टाग्लूचा साठा सापडला १९७१ ला, पार्सन्स लेकचा १९७२ ला, सगळी साठ्यांची नावं त्याला पाठ आहेत. इनुविकजवळच्या इखिल विहिरींमधून १९९९ पासून गावाला गॅस मिळायचा, २०१२ च्या सुमाराला त्या आटत आल्या आणि तेव्हापासून ट्रक. टाग्लूचा गॅस अजून जमिनीखालीच आहे.

रात्री ईगल प्लेन्सच्या हॉटेलात. बाहेर चाकं दुरुस्त करणारा आहे, रात्री नऊलाही रांग होती. साडेअकराला लख्ख उजेड, खिडकीला गोधडी लावून झोपलो.

दिवस ५: आर्क्टिक सर्कल, फोर्ट मॅकफर्सन, दोन फेऱ्या

४०५ व्या किलोमीटरला आर्क्टिक सर्कलचा फलक, फोटो झाले, डासांनी फाडून खाल्लं. डोक्यावरून घालायची जाळी घ्या, क्रीमवर विसंबू नका. थोड्या पुढे रस्ता एकदम रुंद होतो, ती विमान उतरायची धावपट्टी, तशी पाटीच आहे की विमान आलं तर बाजूला व्हा. लेकीला हे सगळ्यात आवडलं.

रिचर्डसन डोंगर ओलांडले की नॉर्थवेस्ट टेरिटरीज सुरू. पील नदीला वारा होता, दोन तास थांबलो मग फेरी सुटली. फेरी फुकट आहे. पलीकडे फोर्ट मॅकफर्सन, तेत्लित ग्विचिन या मूळ रहिवासी लोकांचं गाव, आणि चर्चच्या आवारात चार कबरी एकत्र. १९१०-११ च्या हिवाळ्यात इन्स्पेक्टर फिट्झजेराल्ड इथून डॉसनला पोलिसांची गस्त घेऊन निघाले, वाटेत भेटलेल्या ग्विचिन वाटाड्याला त्यांनी परत पाठवलं, मग डोंगरात वाट चुकली आणि चौघंही गेले. त्यांना शोधायला डॉसनहून डेम्पस्टर निघाले आणि त्यांनी मात्र चार्ली स्ट्यूअर्ट यांना वाटाड्या म्हणून बरोबर घेतलं. मार्चमध्ये मृतदेह सापडले. मी कबरींपाशी उभी राहून विचार करत होते की या सगळ्या प्रदेशाचा इतिहास एवढ्यात येतो, माहिती असलेल्या माणसाला बरोबर घेतलं की नाही.

आणि एकदा खरंच घेतलं गेलं, त्याची गोष्ट याच गावाशी जोडलेली आहे. सत्तरच्या दशकात मॅकेन्झी खोऱ्यातून प्रचंड गॅस पाइपलाइन टाकायची ठरली तेव्हा सरकारने १९७४ मध्ये न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांना चौकशीसाठी नेमलं. त्यांनी काय केलं तर ३५ गावांत स्वतः गेले, शाळांमध्ये आणि समाजमंदिरांमध्ये बसले आणि ज्याला बोलायचं त्याला बोलू दिलं, त्याच्याच भाषेत, वेळेची घाई नाही. जवळजवळ हजार माणसं बोलली. रोजच्या साक्षींचा वृत्तांत रेडिओवरून त्यांच्या भाषांमध्ये लागायचा, त्यामुळे एका गावाने काय सांगितलं ते दुसऱ्या गावाला रात्री कळायचं. स्थानिक संघटनांना वकील आणि तज्ज्ञ आणायला पैसे दिले. फोर्ट मॅकफर्सनमध्ये १९७५ च्या जुलैत सुनावणी झाली. १९७७ च्या मेमध्ये अहवाल आला, मॅकेन्झी खोऱ्यातली पाइपलाइन दहा वर्षं थांबवा, आधी जमिनीचे हक्क मिटवा, आणि उत्तर युकॉनमध्ये, जिथे कॅरिबूंची, म्हणजे तिकडच्या रानटी रेनडिअरची, वीण होते, तिथे कधीच नको. पाइपलाइन थांबली. नंतर १९८४ मध्ये किनाऱ्याकडच्या इनुव्हियालुइट या मूळ रहिवासी लोकांचा आणि १९९२ मध्ये ग्विचिन लोकांचा जमीनकरार झाला.

मला अहवालापेक्षा ती पद्धत मोठी वाटते. माझी आजी सांगायची की कोयनेच्या वेळी गावात साहेब यायचे ते मोजणी करायला, उंबरे आणि आंब्याची झाडं मोजायला. तिला तुम्हाला काय वाटतं असं विचारणारा एकही माणूस आला नव्हता.

मॅकेन्झी नदीची फेरी त्सीगेचिकपाशी. संध्याकाळी आठला इनुविकला पोचलो तेव्हा पिकअपचा पांढरा रंग ओळखू येत नव्हता. पिठलं-भात करून खाल्ला, खोलीत छोटं स्वयंपाकघर होतं, जीव भांड्यात पडला.

दिवस ६: इनुविक

हे गाव कागदावर आखून जमिनीवर उतरवलेलं. आधीचं गाव अक्लाविक, नदीकाठी, पुराने आणि काठ ढासळल्याने खचत चाललेलं. सरकारने १९५४ मध्ये नवी जागा निवडली, 'ईस्ट ३' असं नुसतं नंबराचं नाव, आणि १९६१ च्या जुलैत डीफेनबेकर यांनी गावाचं औपचारिक उद्घाटन केलं. शाळा, हॉस्पिटल, विमानतळ सगळं नवं. पण अक्लाविकच्या कितीतरी लोकांनी हलायला नकार दिला, आपलं ब्रीदच त्यांनी 'हार मानणार नाही' असं ठेवलं आणि ते गाव आजही आहे.

घरं सगळी खांबांवर, आणि घराघरांमधून जमिनीवरून जाणाऱ्या पत्र्याच्या लांब पेट्या, युटिलिडॉर म्हणतात. त्यातून पाणी, सांडपाणी आणि पूर्वी उष्णताही जायची, कारण पाइप जमिनीत पुरला तर एकतर तो गोठेल नाहीतर जमीन वितळेल. बाबांनी एक पेटी पार शेवटपर्यंत चालत जाऊन बघितली. परत आल्यावर त्यांना सांगितलं की सुरुवातीला हे पाइप सरकारी नोकरांच्या घरांपर्यंतच गेले होते, स्थानिकांची वस्ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिथे कितीतरी वर्षं पाणी ट्रकने आणि सांडपाणी बादलीने. आमच्या पुनर्वसनाच्या गावठाणात पण नळ शेवटीच आला होता, बाबा म्हणाले, लाइटचे खांब आले, तारा यायला किती वर्षं गेली.

इग्लूच्या आकाराचं चर्च आणि त्यापेक्षाही आश्चर्य म्हणजे मशीद! २०१० मध्ये विनिपेगला बांधून ट्रकने आणि मग तराफ्यावरून नदीने चार हजार किलोमीटर आणलेली, छोटीशी, पिवळसर, मिनार इथे बांधलेला. मग कम्युनिटी ग्रीनहाउस. ही इमारत म्हणजे ग्रोलियर हॉल या वसतिगृहाची जुनी हॉकीची जागा, गावोगावच्या मुलांना घरापासून तोडून जिथे ठेवत, जिथे त्यांच्यावर फार अत्याचार झाले. वसतिगृह गेलं, ही एक इमारत उरली, छताला काच-प्लॅस्टिक लावून लोकांनी तिथे भाज्यांचे वाफे केलेत. एक आजी टोमॅटोला पाणी घालत होत्या, पालकासारखी पानं तोडून त्यांनी लेकीच्या हातात दिली. चोवीस तास उजेडात सगळं कसं भराभर वाढतं ते दाखवत होत्या. संध्याकाळी त्याच पानांची भाजी केली, लसणाची फोडणी देऊन.

इथेच रेनडिअरची गोष्ट ऐकली. विसाच्या दशकात कॅरिबू कमी झाले, इनुव्हियालुइट लोकांनी जनावरं पाळायला शिकावं म्हणून सरकारने अलास्काहून रेनडिअर विकत घेतले. १९२९ च्या डिसेंबरात तीन हजारांवर जनावरांचा कळप निघाला, दोनेक वर्षांत पोचायचा होता, १९३५ च्या मार्चमध्ये पोचला. वाटेत लांडगे, हिमवादळं, कितीतरी जनावरं परत मागे पळायची, पोचलेल्यातली बहुतेक वाटेतच जन्मलेली. शिकवायला नॉर्वेहून सामी गुराखी आणले, त्यातली काही कुटुंबं इथलीच झाली. पण शिकारीची माणसं गुराखी झाली नाहीत, फार थोडी झाली. कळप मात्र अजून आहे, आता इनुव्हियालुइटांच्या मालकीचा, वसंतात बर्फावरून जाताना बघायला लोक येतात.

दिवस ७: टुक

इनुविक ते टुक्टोयाक्टुक, १३८ किलोमीटर. हा रस्ता नोव्हेंबर २०१७ चा, कॅनडाच्या रस्त्यांच्या जाळ्यातून आर्क्टिक महासागरापर्यंत वर्षभर जाणारा पहिला. त्याआधी हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून आणि समुद्रावरून जायचं, उन्हाळ्यात विमान किंवा बोट. तीस कोटी डॉलर लागले. काम बहुतेक हिवाळ्यातच, गोठलेल्या जमिनीवर कापड अंथरून वर भराव, आणि केलं ते टुक आणि इनुविकच्याच कंत्राटदारांनी. बाबांच्या दृष्टीने ही सगळ्यात महत्त्वाची बातमी होती.

वाटेत पाऊस, चिखल, ताशी चाळीसच्या वर जाता येत नव्हतं. मग सपाट टुंड्रावर अचानक शंकूसारख्या टेकड्या दिसल्या, पिंगो, पोटात बर्फ असलेल्या. सगळ्यात मोठा इब्युक, ४९ मीटर.

समुद्रात पाय घालून आलो, पाणी इतकं थंड की पायाची बोटं आपली राहत नाहीत. गावात एका आजींच्या घराबाहेर खायचं मिळेल अशी हाताने लिहिलेली पाटी होती. सुकवलेला पांढरा मासा, मक्टुक म्हणजे देवमाशाची कातडी आणि चरबी, आणि बॅनक ही जाड पोळी. बॅनक बहुतेक घरी डुकराच्या चरबीत करतात, म्हणून बाबांसाठी आधी विचारलं. आजींनी बाबांच्या गळ्यातल्या माळेकडे बघितलं, काही न विचारता आत गेल्या आणि दुसरा तवा काढून तेलावर करून आणली, वर अक्पिकचा म्हणजे पिवळ्या रानबेरीचा जॅम. बाबा म्हणाले दशमीसारखी लागते.

मग दोघं बोलत बसले, मी मधे दुभाषी. आजींनी ऐंशीच्या सुमाराचे दिवस सांगितले, बोफर्ट समुद्रात तेल कंपन्यांनी कृत्रिम बेटं बांधलेली, खाडीत जहाजंच जहाजं, घरटी एकाला तरी नोकरी. पगार यायचा, दारूही यायची. मग १९८६ ला तेलाचे भाव कोसळले आणि एका हिवाळ्यात सगळे गेले, नुसते रिकामे तळ उरले. त्यानंतर दोन हजारच्या दशकात पाइपलाइन परत आली, या वेळी इथल्या लोकांचा हिस्सा धरून, मंजुरीही मिळाली, पण तोवर गॅस स्वस्त झाला होता, २०१७ च्या डिसेंबरात ती योजना कायमची रद्द झाली. म्हणजे रस्ता उघडला त्याच्या पुढच्याच महिन्यात. रस्त्याने काय दिलं असं विचारलं तर त्या म्हणाल्या, बहीण इनुविकला असते, आता हवं तेव्हा जेवायला जाते, आणि दूध स्वस्त झालं. काय नेलं? त्यांनी समुद्राकडे बोट केलं, ते रस्त्याने नाही नेलं म्हणाल्या, पण किनारा दरवर्षी ढासळतोय, २०२० मध्ये टोकावरची घरं उचलून आत न्यावी लागली, बर्फ उशिरा धरतो आणि लाटा आत येतात.

बाबांनी मग कोयनेचं सांगितलं. गाव, नदी, पाणी वर चढताना देवळाचा कळस शेवटी बुडाला ते. आजी पूर्ण वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, मी इंग्रजीत सांगायच्या आधीच त्यांना कळत असावं. झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, तिथून वीज आली ती तुमच्या घरी आली का? बाबा म्हणाले आली, पण फार उशिरा. त्यांनी मान हलवली आणि बाबांच्या ताटात अजून एक बॅनक वाढली.

टीप: टुकमध्ये घरगुती खाणं मिळालं तर तिथेच खा, पैसे रोख ठेवा, आणि माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. सुकवायला टांगलेल्या माशांचे सुद्धा.

दिवस ८ आणि ९: परत

परतीचं फार लिहीत नाही, तोच रस्ता उलटा, फक्त ऊन होतं आणि टुंड्रा आणखी लाल झाला होता. अजून एक चाक गेलं, या वेळी आमचं आम्हीच बदललं, बाबा मुकादम. गाडी परत देताना चिखल धुऊन द्या, नाहीतर पैसे कापतात, डॉसनला धुवायची सोय आहे.

पील नदीला फेरीची वाट बघत थांबलो होतो तर पलीकडून येणाऱ्या फेरीवर एक टँकर, आणि खिडकीतून हात हलवणारे आमचे ड्रायव्हरकाका, या वेळी भरलेला, उत्तरेकडे. उतरून आमच्याकडे आले, चाकं बघितली, लाथ मारून हवा तपासली. मी थर्मासमधला उरलेला चहा त्यांच्या कपात ओतला. आल्याचा आहे ना, त्यांनी विचारलं.